गप्प पडलेलं पोट: एका गवळाऊ बैलाच्या विषबाधेचं प्रकरण

पोळा होऊन आठवडा झाला होता. कपाशीवर फवारणीचे दिवस. सकाळी पावणेअकराला आर्वी तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. "मॅडम, मोत्या आंग झाडून राह्यला जी. तोंडातून फेस येऊन राह्यला." मागे कोणी तरी ओरडत होतं, त्यात "ताक पाजा, ताक पाजा" एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. मी आधी तेच थांबवलं. ज्या जनावराला धड गिळता येत नाही त्याच्या तोंडात काही ओतलं, की ते फुप्फुसात जातं. मग विषाआधी तेच मारतं.

मी पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मोत्या सहा वर्षांचा गवळाऊ बैल, पांढराशुभ्र, छातीच्या घेरावरून काढलेलं वजन ३५० किलोच्या आसपास. पाय फाकवून उभा होता, मान पुढे ताणलेली. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक फटीसारख्या झाल्या होत्या. नाडी मिनिटाला ४४. छातीला स्टेथोस्कोप लावला तर घरघर, जणू पाण्यातून हवा काढावी तशी. दर दोन-तीन मिनिटांनी पातळ पाण्यासारखं शेण, अधूनमधून लघवी. खांद्यावरच्या आणि पुढच्या पायाच्या कातडीखाली स्नायू सतत फडफडत होते. माशी बसल्यावर बैल कातडी हलवतो ना, तसं, पण माशी नसताना आणि न थांबता.

उजव्या बाजूला आतड्यांचा आवाज एकसलग होता. एरवी तिथे आवाज येतो, जातो, मध्ये शांतता असते. इथे शांतता नव्हतीच.

दावणीजवळ एक प्लास्टिकची बादली पडली होती. तळाला बोटभर पाणी आणि उग्र वास. बाटली बांधावर सापडली: मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के, लेबलवर लाल त्रिकोण. भाजीपाल्यावर हे औषध वापरायला २००५ पासून बंदी होती, कपाशीवर मात्र ते सर्रास मारलं जायचं. "पोरानं बकेट तशीच ठेवली होती जी," मोत्याचे मालक, काका म्हणाले. "मले काय मालूम त्यात फवारनीचं पानी होतं." बैल साडेनवाच्या सुमारास प्यायला होता. जोडीदार चांद्या दोन दावणी पलीकडे बांधलेला होता, म्हणून वाचला. पोरगा गोठ्याच्या कुडाला टेकून बसला होता, त्याला कोणी काही बोलत नव्हतं.

मी हातमोजे चढवले आणि बाकीच्यांना लाळेला हात लावू नका म्हणून सांगितलं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ही औषधं कातडीतूनही शरीरात जातात, हे आमच्या भागात आता कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही लोक उघड्या हातांनीच फवारतात.

आतड्याच्या भिंतीत काय चाललं होतं

पुढचं सगळं समजायला इथे थोडं थांबावं लागेल. आतड्याची आणि कोटीपोटाची (रवंथ करणाऱ्या जनावराचं सर्वात मोठं पोट) भिंत अरेखित स्नायूंची असते. जनावराच्या इच्छेवर न चालणारे हे स्नायू. त्यांना आकुंचन पावायचा हुकूम चेतातंतूंकडून ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपात येतो. ते स्नायूच्या पेशीवरच्या मस्कारिनिक रिसेप्टरवर, म्हणजे हुकूम झेलणाऱ्या जागेवर, बसतं, पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, आणि स्नायू आवळतो. हुकूम बजावून झाला की कोलिनइस्टरेज नावाचं विकर ते ॲसिटिलकोलीन लगेच मोडून टाकतं. शाळेतली पाटी लिहून झाली की पुसतात, तसं. पुसली नाही तर पुढचं वाचताच येणार नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं पुसणारा हात बांधून ठेवतात. पाटीवर हुकूमांवर हुकूम साचत जातात. आतडं आवळतच राहतं, म्हणून हगवण. श्वासनलिका आवळते आणि तिच्यात स्राव साचतो, म्हणून घरघर. लाळ, अश्रू, घाम, लघवी सगळं त्याच रांगेत. खांद्याचे ऐच्छिक स्नायूही ॲसिटिलकोलीनवरच चालतात, पण त्यांचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे, निकोटिनिक. हा फरक त्या दिवशी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याबद्दल पुढे सांगते.

यावर उतारा ॲट्रोपिन. तो बांधलेला हात सोडवत नाही. तो फक्त मस्कारिनिक रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतो आणि स्नायूला पाटी दिसू देत नाही. आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही हेच कुळ आहे. धोतरा खाल्लेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, पोट चढतं, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तक न वाचताही ठाऊक असतं. एकाने मला तिथेच विचारलंही, मग धोतराच वाटून देऊ का. नाही. झाडात किती औषध आहे याचा भरवसा नसतो, आणि इथे सगळा खेळ मात्रेचा होता.

एकशे शेहेचाळीस ॲम्प्युल

मात्रा पकडली किलोला पाव मिलिग्रॅम. ३५० किलोला साधारण ८७ मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या ॲम्प्युलमध्ये (एक मिलिलिटरची काचेची बंद कुपी) एका मिलिलिटरला ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं, कारण ती माणसाच्या हिशोबाने भरलेली असते. म्हणजे १४६ ॲम्प्युल. माझ्या पेटीत होत्या ६०. मोटारसायकलवर एकाला तालुक्याच्या मेडिकलला पिटाळलं आणि काम सुरू केलं.

चौथा हिस्सा शिरेतून द्यायचा असतो. ३६ ॲम्प्युल. गावातली चार पोरं ओळीने बसली, प्रत्येकाच्या हाताला कापडाची पट्टी. एक फोडायचा, दुसरा उलटी धरायचा, मी सिरिंजमध्ये ओढायचे. काचेचा तो बारीक टक्-टक् आवाज गोठ्यात बराच वेळ चालू होता. कपाशीचं बोंड फुटावं तसं, असं काकू नंतर म्हणाल्या. मानेच्या शिरेतून सावकाश सोडलं. उरलेलं, थोडं माझ्या पेटीतलं आणि बाकीचं तालुक्याहून आलेलं, कातडीखाली चार ठिकाणी.

शिरेतल्या मात्रेनंतर दहा मिनिटांत लाळेच्या तारा तुटल्या. घरघर कमी झाली. नाडी ४४ वरून ७८ वर. बाहुल्या उघडू लागल्या. काका बैलाच्या कपाळावरून हात फिरवत होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झालेला दिसला.

खांद्याची फडफड मात्र तशीच होती, आणि १४६ ॲम्प्युल पूर्ण झाल्यावरही तशीच राहिली. एकाच जनावरात, एकाच वेळी, एकाच औषधाखाली, लाळेच्या ग्रंथी सुकलेल्या आणि त्याच्या वीतभर मागे खांद्याचा स्नायू थडथडतोय. ॲट्रोपिन निकोटिनिक रिसेप्टरवर बसत नाही, हे वाक्य मी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल. पण तळव्याखाली ती थडथड जाणवत असताना ते वाक्य वेगळंच वाटलं. फडफड थांबत नाही म्हणून ॲट्रोपिन वाढवत नेणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. तसं करू नये.

लाळ थांबल्यावर नाकातून नळी घालून अर्धा किलो कोळशाची औषधी पूड कोमट पाण्यात कालवून पोटात सोडली. बांधलेला हात सोडवणारं औषध म्हणजे पॅम, प्रालिडॉक्झिम. त्याच्या चौदा कुप्या हव्या होत्या, तालुक्यात सहा मिळाल्या, त्या दिल्या. उशीर करून चालत नव्हतं. मोनोक्रोटोफॉसच्या गटातल्या विषाने धरलेलं विकर वेळेबरोबर कायमचं निकामी होत जातं. माणसाच्या विकरावर मोजलेले आकडे सांगतात की साधारण पावणेचार तासांत त्यातलं निम्मं पॅमच्या हाताबाहेर गेलेलं असतं.

माझी चूक

दुपारी दोनला नाडी ८४ होती, छाती स्वच्छ, तोंड कोरडं. पण शेण अजून पातळ होतं आणि उजवीकडे अधूनमधून गुरगुर होती. मला वाटलं, विष अजून आतड्याला धरून आहे. मी ॲट्रोपिनचा आणखी निम्मा डोस दिला.

हे चुकलं. अशा विषबाधेत जनावर मरतं ते श्वासाने. ॲट्रोपिन पुरलं की नाही हे ठरवायचं ते छातीवरून, लाळेवरून, नाडीवरून. हगवण थांबायला वेळ लागतो, कारण आतड्यात आधी उतरलेलं पाणी तर बाहेर पडायचंच असतं. मी शेणाकडे बघून मात्रा ठरवली. एकपोटी जनावरात कदाचित निभावलं असतं. रवंथ करणाऱ्यात नाही.

आतड्याला स्वतःची लय असते. त्याच्या भिंतीत चेतातंतूंचं स्वतंत्र जाळं आहे, मेंदूकडून काही आलं नाही तरी ते थोडंफार हलत राहतं. कोटीपोटाचं तसं नाही. घुसळण्याची आणि ढेकर काढण्याची त्याची शिस्तबद्ध आकुंचनं मेंदूतून व्हेगस चेतेमार्फत येतात. व्हेगस तोडली की ती थांबतात, आणि व्हेगसचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन ॲट्रोपिनने झाकलं तरीही थांबतात. जंतूंचं आंबवणं मात्र चालूच असतं. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात चरल्यानंतरच्या काळात तासाला तीस लिटरहून जास्त वायू तयार होऊ शकतो. तो बाहेर यायची वाट म्हणजे ढेकर, आणि ढेकरेसाठी लागणारं आकुंचनच मी बंद केलं होतं.

पाच वाजता डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, मूठ रोवून पाच मिनिटं उभी राहिले. निरोगी बैलात दोन मिनिटांत तीनेक वेळा आतून मूठ उचलली जाते. एकदाही नाही. स्टेथोस्कोपमध्येही काही नाही, उजवीकडेही नाही. नाडी ११२, बाहुल्या पूर्ण उघड्या, तिरप्या उन्हाने मोत्या डोळे मिटून घेत होता. सहापर्यंत भकाळी कंबरेच्या हाडाला येऊन टेकली.

न दिलेलं इंजेक्शन

संध्याकाळी शेजारच्या दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक मदतीला आले. माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त नोकरी झालेली, गावोगाव लोकांचा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी भकाळी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, पोट बंद पडलं. निओस्टिग्मिन मारू या का?"

बंद पोटाला निओस्टिग्मिन हा आमच्याकडचा नेहमीचा उपाय आहे, आणि नेहमीच्या बंद पोटात तो सुचणं साहजिक आहे. खरं सांगते, क्षणभर माझाही हात पेटीकडे गेला. मग लक्षात आलं, की निओस्टिग्मिन नेमकं तेच करतं जे मोनोक्रोटोफॉसने केलं होतं. तेही कोलिनइस्टरेजचाच हात धरतं. पोटावर त्याचा उपयोगही झाला नसता, कारण तिथले रिसेप्टर ॲट्रोपिनने झाकलेले होते. जिथे काहीच झाकलेलं नव्हतं, तिथे मात्र ते पुरेपूर लागलं असतं. म्हणजे निकोटिनिक रिसेप्टरवर, श्वासाच्या स्नायूंवर. आधीच थडथडणारे स्नायू थकून लुळे पडले असते. आणि रात्री ॲट्रोपिन उतरल्यावर विष आणि निओस्टिग्मिन दोघं मिळून छातीवर आले असते. मी हे त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे. मग काय करायचं ते सांगा." मेटोक्लोप्रामाइडही नको म्हटलं, तेही पोटावर ॲसिटिलकोलीनच्याच वाटेने काम करतं.

करायचं होतं ते वाट पाहणं. आणि वाट पाहायचा धीर मला एका जुन्या कागदामुळे आला. आमच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवरचा एक आलेख चौकटीत लावलेला होता, चपड्याच्या द्रावणात बुडवून पक्का केलेला. सशाच्या आतड्याचा तुकडा, टायरोड द्रावण (आतडं जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी), ३७ अंश. आतडं आपापलं डुलतंय, त्याची बारीक दातेरी रेघ. मग ॲसिटिलकोलीन, आणि रेघ उंच जाते. धुऊन काढलं, ॲट्रोपिन टाकलं, पुन्हा तेवढंच ॲसिटिलकोलीन. रेघ हलत नाही. सगळे विद्यार्थी इथवरच बघायचे. पण त्याच्या पुढे एक शेवटचा डोंगर होता. बेरियम क्लोराइड. ॲट्रोपिन तसंच आत असताना बेरियम टाकलं, तर आतडं पहिल्याइतकंच जोरात आवळतं, कारण बेरियम रिसेप्टरला विचारतच नाही, थेट स्नायूच्या पेशीला उठवतं. ॲट्रोपिनखालचा स्नायू मेलेला नसतो. त्याला दिसत नसतं, एवढंच. आणि ॲट्रोपिन रिसेप्टरला चिकटून राहत नाही. रक्तातलं प्रमाण उतरलं की ते उठून जातं.

बैलाला अर्थातच बेरियम द्यायचं नसतं. पण कोटीपोटाची भिंत जिवंत आहे आणि काही तासांनी ती आपोआप जागी होईल, हे मला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की तोवर वायूने बैल गुदमरता कामा नये.

रात्र

मोत्याला उतारावर, पुढचे पाय वर येतील असं उभं केलं. सात वाजता नळी घातली. वायू सुसाट बाहेर आला, कोळशाच्या काळ्या फेसासकट, आणि भकाळी चार बोटं खाली बसली. फेसाळ आफरा नव्हता, मोकळा वायू होता, हे नशीब. ट्रोकार, म्हणजे पोटाला भोक पाडून वायू काढायची अणकुचीदार नळी, उकळून पातेल्यात झाकून ठेवला होता, लागला तर म्हणून. साडेनऊला पुन्हा नळी. मध्ये सलाईन. एक वाजता पुन्हा नळी, या वेळी वायू आधीच्या निम्माच आला.

पर्यवेक्षक अकराला घरी गेले. पोरगा, जो दिवसभर कुडापाशी बसून होता, तो उठून आला आणि भकाळी चोळायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला मूठ कुठे ठेवायची ते दाखवलं आणि म्हटलं, आतून काही हललं तर आवाज दे.

मी खाटेवर पाठ टेकली होती. तीनला दहा मिनिटं होती तेव्हा त्याने हाक मारली. "मॅडम, हाताले काहीतरी लागलं. आतून ढकलल्यावानी." मी स्टेथोस्कोप लावला. चार मिनिटं काही नाही. मग दुरून बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तसा एक आवाज, हळूहळू जवळ येणारा, मग लांब जाणारा. आणि त्यानंतर मोत्याने मान किंचित पुढे काढून ढेकर दिली. आंबूस, कोळशाचा, ओल्या कडब्याचा वास. काका अंधारात उभे होते, त्यांनी दोन्ही हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

पाच वाजता दोन मिनिटांत एक आकुंचन. नाडी ८०. आठला शेण पडलं, काळंकुट्ट, पण आकार धरलेलं.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी लाळेची तार पुन्हा दिसली आणि छातीत किंचित घरघर. विष पोटातून अजून शोषलं जात होतं, आणि पॅम कमी पडलं होतं. या वेळी मी २० मिलिग्रॅमच दिलं, तेही थांबत थांबत, आणि छाती स्वच्छ होताच हात आवरला. शेण तेव्हाही थोडं सैल होतं. राहू दिलं. कोटीपोटाची आकुंचनं मंदावली, पण थांबली नाहीत.

संध्याकाळी चांद्या रवंथ करत असताना काकांनी त्याच्या तोंडातला घास काढून मोत्याच्या तोंडात घातला. जुन्या लोकांची ही रीत योग्यच आहे. निरोगी जनावराच्या घासाबरोबर कोटीपोटातले जंतू येतात, आणि मोत्याच्या पोटातल्या जंतूंचं त्या दोन दिवसांत बरंच हाल झालं असणार. त्याने तो घास चघळला. थोड्या वेळाने स्वतःचाही घास वर आणला.

खांद्याची फडफड तिसऱ्या दिवशी गेली. तीन आठवडे जू घालू नका असं सांगितलं, कारण विकर नव्याने तयार व्हायला दिवस लागतात. केसपेपरवर ॲट्रोपिनच्या दुसऱ्या डोसपुढे मी 'गरज नव्हती' असं लिहून ठेवलं आहे.

पाचव्या दिवशी शेवटची भेट. विहिरीजवळ ती बादली पालथी पडली होती, तळाला खिळ्याने भोक पाडलेलं. मी भकाळीवर मूठ ठेवली आणि घड्याळ धरलं. दोन मिनिटांत तीन. मी मोजत होते तेवढा वेळ मोत्या रवंथ करत होता.